कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन शिकायचंय? आधी वजन, मग चेहरा, मग नोकरी

अ‍ॅनिमेशन शिकायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, माया शिकू की ब्लेंडर (दोन्ही थ्रीडी सॉफ्टवेअर). मग त्यावर लोक महिनोन् महिने व्हिडिओ बघतात, तुलना करतात, कोणाचं इंटरफेस चांगलं यावर भांडतात आणि तोवर एक साधा बॉलसुद्धा उडवलेला नसतो. म्हणून तो विषय आधीच संपवू. खर्च करायचा नसेल तर ब्लेंडर घ्या, पूर्ण फुकट आहे, २००२ पासून ओपन सोर्स आहे, लायसन्स संपलं म्हणून काम अडकायची भानगड नाही. मोठ्या फिल्म आणि व्हीएफएक्स (व्हिज्युअल इफेक्ट्स) स्टुडिओंत अजूनही मायाचंच जास्त चालतं, त्यामुळे तिकडे जायचं असेल तर आज ना उद्या माया हाताळावं लागेल, आणि विद्यार्थ्यांसाठी मायाच्या कंपनीचं, ऑटोडेस्कचं, फुकट लायसन्स मिळतं. टूडीकडे ओढा असेल तर स्टुडिओंत टून बूम हार्मनी चालतं, फुकटात हवं असेल तर ओपनटून्झ किंवा क्रिटा. झालं. एकदा पोज आणि टायमिंग हातात बसलं की दुसऱ्या सॉफ्टवेअरची बटणं शिकायला काही आठवडे पुरतात, पण बटणं पाठ असली म्हणून टायमिंग काही आपोआप येत नाही.

पुढचं सगळं मी थ्रीडी धरून लिहितोय, टूडीवाल्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

काय शिकायचं नाही ते आधी

नवीन माणसाचा प्लॅन साधारण असा असतो: स्वतःचं कॅरेक्टर डिझाइन करणार, मॉडेल करणार, त्याचं रिग (हलवण्यासाठीचा हाडांचा सांगाडा आणि कंट्रोल्स) बनवणार आणि मग त्याची पाच मिनिटांची शॉर्ट फिल्म करणार. यात अ‍ॅनिमेशनपर्यंत पोचायलाच वर्ष जातं आणि रिग असं बनतं की हात वर केला की खांदा फाटतो. स्टुडिओत मॉडेलिंग, रिगिंग, अ‍ॅनिमेशन, लायटिंग ही वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. कॅरेक्टर अ‍ॅनिमेटरला रिग तयार मिळतं, त्याने ते फक्त हलवायचं (हे 'फक्त' मात्र आयुष्यभर पुरतं). तर तुम्हीही तयार रिग वापरा. ब्लेंडर स्टुडिओने त्यांची स्नो, रेन वगैरे कॅरेक्टर्स सगळ्यांसाठी खुली केलेली आहेत, मायासाठीही चांगली फुकट रिग्ज भरपूर आहेत. एक साधं रिग निवडा आणि पहिले सहा महिने तेच वापरा, दर आठवड्याला नवीन रिग डाउनलोड करून फक्त कपडे बघत बसू नका.

दुसरं, चेहरा आणि डायलॉग. सगळ्यांना थेट अ‍ॅक्टिंग करायची असते. पण शरीराला वजन नसेल तर त्यावरचा सुंदर चेहराही खोटाच वाटतो, आणि रील (नोकरीसाठी पाठवायचा आपल्या कामाचा छोटा व्हिडिओ) बघणाऱ्या माणसाला ते पहिल्या काही सेकंदांत कळतं. म्हणून क्रम असा ठेवा: बॉल, शेपटीवाला बॉल, चालणं, वजन उचलणं-ढकलणं-उडी, आणि मग चेहरा.

बॉल, पण नीट

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये अ‍ॅनिमेशनची १२ तत्त्वं पुस्तकात मांडली, ती तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील, पाठ करायची गरज नाही. त्यातली टायमिंग, स्लो इन-स्लो आउट (म्हणजे स्पेसिंगचा भाग), स्क्वॉश अँड स्ट्रेच (दबणं-ताणणं) आणि आर्क (हालचालीचा वळणदार मार्ग) ही एका बॉलमध्ये शिकून होतात, म्हणून सगळीकडे बॉलपासून सुरुवात करायला लावतात. लोक तो एका दुपारी उरकतात आणि तिथेच चुकतं.

समजा बॉल १.२ मीटरवरून सोडला. जमिनीवर यायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं) धरल्या तर १२ फ्रेम. या १२ फ्रेमचे तीन-तीन फ्रेमचे चार तुकडे करा. पहिल्या तुकड्यात बॉल जेमतेम ७-८ सेंटिमीटर खाली येतो, दुसऱ्यात २३, तिसऱ्यात ३८ आणि शेवटच्यात ५२-५३. म्हणजे १, ३, ५, ७ असं प्रमाण. १२ फ्रेम हे झालं टायमिंग, आणि त्या १२ फ्रेममध्ये बॉल कुठे-कुठे असेल ते स्पेसिंग. टायमिंग बरोबर आणि स्पेसिंग चुकीचं असलं की बॉल पाण्यात बुडाल्यासारखा तरंगत खाली येतो, आणि नवख्यांच्या दहापैकी आठ शॉट्समध्ये नेमका हाच प्रॉब्लेम असतो.

आता टप्पा. बॉल आधीच्या उंचीच्या ६० टक्के वर जातो असं धरा, तर वर जायला ९ फ्रेम आणि खाली यायला ९. पुढच्या टप्प्याला ७ आणि ७. उंची ६० टक्क्यांवर आली म्हणून वेळही ६० टक्क्यांवर येत नाही, तो उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, म्हणून टप्पे आपण समजतो तेवढ्या झपाट्याने छोटे होत नाहीत. एकदा हे आकडे वापरून बॉल करून बघा आणि एकदा नुसत्या अंदाजाने, दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच दिसेल.

ग्राफ एडिटर (हालचाल रेषेच्या रूपात दाखवणारी खिडकी) उघडून उंचीचा कर्व्ह बघा. वरच्या टोकाला तो गोल हवा आणि जमिनीला टेकतो तिथे टोकदार, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. सॉफ्टवेअर आपल्या मनाने तिथेही गोलाई देतं, मग बॉल जमिनीजवळ येताना ब्रेक मारतो. कर्व्हला वळण देणारं ते हँडल हाताने तोडावं लागतं. ग्राफ एडिटरला घाबरून जे लोक फक्त टाइमलाइनवर कीज (पोज नोंदवलेल्या फ्रेम) सरकवतात ते पुढे सगळीकडे अडकतात, म्हणून ही भीती बॉलवरच घालवायची.

मग तोच बॉल टेबल टेनिसचा करा, मग बोलिंगचा, मग पाण्याने भरलेल्या फुग्याचा. रंग आणि टेक्स्चर सगळ्यांना एकच ठेवा, एखाद्याला नुसतं दाखवा आणि विचारा कुठला बॉल कशाचा आहे. त्याने बरोबर ओळखलं तर पुढे जा. त्यानंतर बॉलला शेपटी लावा, म्हणजे शरीर थांबल्यावर मागचं मागून कसं येतं ते समजेल. शेपटीच्या एकाच हाडावर काम करून तेच कर्व्ह पुढच्या हाडांना दोन-दोन फ्रेम उशिरा देणं ही सुरुवातीची युक्ती आहे, चालते, पण तेवढ्यावर थांबू नका, नंतर हाताने दुरुस्त करा नाहीतर शेपटी यांत्रिक दिसते.

चालणं

साधी चाल २४ फ्रेमची धरा, त्यात दोन पावलं. १ ला कॉन्टॅक्ट, म्हणजे पुढच्या पायाची टाच जमिनीला लागली. ४ ला डाउन, सगळं वजन पुढच्या पायावर आलं, कंबर सगळ्यात खाली. ७ ला पासिंग, मागचा पाय शेजारून पुढे जातोय. १० ला अप, कंबर सगळ्यात वर. १३ ला दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट आणि तेच सगळं उलट बाजूने. २५ वी फ्रेम ही पहिलीचीच कॉपी, पण लूप १ ते २४ च चालवायचा, नाहीतर एकच पोज दोनदा दिसते आणि प्रत्येक फेरीला चाल अडखळते.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. कॅरेक्टर जागच्या जागी चालत असेल तर जमिनीवर टेकलेला पाय एकसारख्या वेगाने मागे जायला हवा, त्याचा कर्व्ह तेवढ्या भागात सरळ रेषा हवा, नाहीतर पाय घसरतो. दुसरं, आयके पाय (पाऊल हलवलं की गुडघा आपोआप वाकतो तो) पूर्ण सरळ झाला की गुडघा एका फ्रेममध्ये झटका मारतो, त्यासाठी कंबर थोडी खाली घ्या किंवा टाच थोडी उचला. आणि तिसरं, जे सगळे विसरतात, कंबर बाजूलाही सरकते. एका पायावर उभं राहताना वजन त्या पायावर न्यावंच लागतं, आत्ता उठून एक पाय उचलून बघा. समोरच्या कॅमेऱ्यातून चाल बघितलीच नाही तर ही चूक दिसत नाही, साइडने सगळं छानच वाटतं.

चालणं झालं की मग वजनाचे छोटे शॉट्स: जड खोका उचलणे, दार ढकलणे, उंचीवरून उडी मारून सावरणे, खुर्चीतून उठणे. एकेक तीन-चार सेकंदांचा, त्याहून मोठा नको. जड खोका उचलणारा माणूस आधी पाय जवळ आणतो, वाकतो, थोडं उचलून अंदाज घेतो, मग पाठ मागे टाकून तोल साधतो. हा मधला अंदाज घेण्याचा भाग दाखवला की खोका जड वाटतो. ढीगभर मेहनत करून उचलतानाचा चेहरा वेडावाकडा केला आणि पायांनी तोल साधलाच नाही तर खोका थर्माकोलचाच राहतो.

रेफरन्स

रेफरन्स वापरणं म्हणजे चीटिंग, हा गैरसमज कुठून आला देव जाणे. १८७८ मध्ये माइब्रिजने धावत्या घोड्याचे ओळीने फोटो काढले तेव्हा कळलं की घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, चित्रकार पिढ्यान् पिढ्या दाखवत होते तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे. नुसत्या डोळ्याला एवढा वेग पकडता येत नाही, म्हणून शूट करा, स्वतःच करा, लाज वाटली तर दार लावून करा. पाच-सहा टेक घ्या, पहिल्या टेकमध्ये सगळेच नाटकी करतात.

एक टेक्निकल गोष्ट मात्र सांभाळा. फोन बरेचदा ३० किंवा ६० फ्रेमने आणि तेही कमी-जास्त होणाऱ्या फ्रेमरेटने शूट करतो, तो व्हिडिओ थेट माया किंवा ब्लेंडरमध्ये टाकला तर तुमच्या २४ च्या टाइमलाइनशी तो जुळतच नाही. आधी हँडब्रेकसारख्या फुकट टूलमध्ये कॉन्स्टंट २४ करून घ्या. मग फ्रेम बाय फ्रेम बघा आणि कागदावर लिहून काढा, पाय कुठल्या फ्रेमला टेकला, कंबर कधी खाली, मान कधी वळली. आणि मग व्हिडिओ जसाच्या तसा ट्रेस करू नका. त्यातली मेकॅनिक्स घ्या, पोज मात्र जास्त स्पष्ट करा, कारण खऱ्या माणसाची हालचाल हुबेहूब रिगवर टाकली की ती मिळमिळीत दिसते.

एका शॉटचा प्रवास

प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते, पण स्टुडिओत साधारण असं चालतं. कागदावर छोटी थंबनेल्स (पोजची कच्ची चित्रं). मग ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोजेस स्टेप्ड कीजवर, मधलं काहीच नाही, कॅरेक्टर एका पोजमधून दुसऱ्यात टकाटक उडी मारतंय. या स्टेजलाच शॉट समजला पाहिजे. प्रत्येक पोज काळ्या सावलीत बघा, नुसत्या आकारावरून काय चाललंय ते कळतं का. मग ब्रेकडाउन, म्हणजे दोन पोजच्या मधली पोज, आणि खरी कारागिरी इथे आहे: हात वरून फिरून जातो की खालून, डोकं आधी वळतं की खांदा, हे सगळं ब्रेकडाउन ठरवतं.

मग स्प्लाइन, म्हणजे पोजच्या मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने भरणं, आणि इथे नवख्या माणसाचं मन मोडतं. स्टेप्डमध्ये झकास दिसणारा शॉट स्प्लाइन केल्या-केल्या लिबलिबीत होतो, सगळं एकदम हलायला लागतं, काहीच थांबत नाही. कारण ब्लॉकिंगमध्ये पोज आठ फ्रेम थांबत होती, आता सॉफ्टवेअर त्या आठ फ्रेममध्येच पुढच्या पोजकडे निघालंय. उपाय हाच की स्प्लाइन करायच्या आधी प्रत्येक थांब्याच्या शेवटी तीच पोज पुन्हा की करा, आणि दर तीन-चार फ्रेमला काहीतरी की असेल इतकं ब्लॉकिंग घट्ट करा. नंतर त्या थांब्यात अगदी किंचित हालचाल घाला, नाहीतर थ्रीडीमधलं कॅरेक्टर थांबलं की मेल्यासारखं दिसतं. स्प्लाइन करताना कंबरेपासून सुरू करा, मग छाती, मग डोकं, हात सगळ्यात शेवटी. कंबर हलवली की वरचं सगळं बदलतं, त्यामुळे हात आधी गुळगुळीत करून ठेवले तर ती मेहनत पाण्यात जाते.

पॉलिशमध्ये, म्हणजे शेवटच्या सफाईत, आर्क तपासा, मनगटाचा आणि नाकाच्या टोकाचा मार्ग स्क्रीनवर ट्रॅक करा. एखादी फ्रेम वाटेतून बाहेर पडलेली असते, ती डोळ्याला झटका म्हणून जाणवते पण का ते कळत नाही.

आता चेहरा

डायलॉग निवडताना गाजलेला डायलॉग घेऊ नका, बघणाऱ्याच्या डोक्यात मूळ नट येतो आणि तुम्ही तिथेच हरता. सहा-आठ सेकंदांचं, मध्येच विचार बदलणारं वाक्य शोधा. आधी शरीराची अ‍ॅक्टिंग, मग डोळे, ओठ सगळ्यात शेवटी. लिपसिंकमध्ये प्रत्येक अक्षर पकडायला जाऊ नका, जबड्याची उघड-मीट आणि ओठांची रुंदी एवढं बसलं की अर्धं काम झालं. प, ब, म ला मात्र ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, निदान दोन फ्रेम, आणि तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आलेला बरा वाटतो.

डोळे हा वेगळाच विषय आहे. नजर एका ठिकाणाहून दुसरीकडे दोन-तीन फ्रेममध्ये जाते, हळूहळू सरकत नाही. बहुतेक वेळा आधी डोळे जातात, मागून डोकं. पापणी मिटणं विचार बदलतो तिथे टाका, दर दोन सेकंदांनी ठोकळेबाज उघडझाप नको.

शिकवणी आणि फीडबॅक

एकट्याने शिकता येतं, पण एकट्याने तपासता येत नाही. तोच शॉट शंभरदा बघितला की डोळा मरतो. शॉट आरशासारखा उलटा करून बघणं हा घरगुती उपाय आहे, पण दुसऱ्याचा डोळा लागतोच. दाखवा ते ब्लॉकिंगला दाखवा, पॉलिश झाल्यावर नाही, कारण तेव्हा कोणी पोज बदल म्हटलं तर तुम्ही बदलणार नाही, भांडत बसाल. "कसं वाटतंय" असं विचारू नका, त्यावर "मस्त" एवढंच उत्तर येतं. "खोका जड वाटतो का, कुठल्या फ्रेमला नाही वाटत" असं विचारा. सिंकस्केचसारख्या टूलवर समोरचा माणूस थेट फ्रेमवर रेघा मारून दाखवू शकतो, ते फार उपयोगी पडतं.

अ‍ॅनिमेशन मेंटॉर (२००५ पासून), आयअ‍ॅनिमेट, अ‍ॅनिमस्कूल अशा ऑनलाइन शाळांत काम करणारे अ‍ॅनिमेटर शिकवतात. घ्यायचं तर घ्या, पण बॉल आणि चालणं स्वतः करून मगच. तिथली खरी किंमत अनुभवी माणसाच्या रिव्ह्यूची असते, तो वेळ "ग्राफ एडिटर कुठे उघडतो" यात गेला तर पैसे वाया.

कुठल्या दुकानात नोकरी

इंडस्ट्री म्हणजे एकच जागा नाही. फीचर फिल्ममध्ये एका अ‍ॅनिमेटरकडून आठवड्याला काही सेकंदच अपेक्षित असतात पण ते चकचकीत लागतात, टीव्ही सिरीजमध्ये त्याच्या कितीतरी पट काढावं लागतं, तिथे कोपरे कुठे कापायचे हे कळणं हेच कौशल्य. व्हीएफएक्समध्ये खऱ्या शूटच्या कॅमेऱ्यात प्राणी किंवा डिजिटल माणूस बसवायचा, थोडंसं खोटं वाटलं तरी पकडलं जातं.

गेम्सचं गणित वेगळंच. कॅमेरा प्लेयरच्या हातात, त्यामुळे पोज चारही बाजूंनी चांगली हवी. बटण दाबलं की लगेच वार झाला पाहिजे, मोठी तयारीची हालचाल दाखवली तर प्लेयर चिडतो, म्हणून तयारी थोडक्या फ्रेममध्ये उरकून वजन वारानंतरच्या सावरण्यात दाखवतात. इथे जायचं असेल तर आयडल (नुसतं उभं राहणं), चाल, धाव, वळणं, हल्ला असा संच करा आणि अनरियल या गेम इंजिनमध्ये टाकून चालवून दाखवा, नुसत्या व्हिडिओपेक्षा ते जास्त बोलतं.

पहिलं काम थेट हिरोच्या क्लोजअपचं मिळत नाही. मोकॅप (खऱ्या माणसाची रेकॉर्ड केलेली हालचाल) क्लीनअप, प्रीव्हिज (शूटच्या आधीचं कच्चं अ‍ॅनिमेशन), रोटोमेशन (शूटमधल्या नटाच्या हालचालीशी थ्रीडी कॅरेक्टर जुळवणं), गर्दीतल्या माणसांची अ‍ॅनिमेशन, अशा दारांतून बरेच जण आत शिरतात. मोकॅप आणि आता एआयवाली टूल्स हालचाल झटपट देतात हे खरं, पण पाय घसरतोय, हात वजनाशिवाय फिरतोय हे ओळखून दुरुस्त करायला कोणीतरी लागतंच, आणि ते तोच करू शकतो ज्याने बॉल नीट केलेला आहे. कामं बरेचदा प्रोजेक्टपुरती काँट्रॅक्टवर असतात, प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध, हे आधीच धरून चला.

रील आणि टेस्ट

रील एक मिनिटाच्या आसपास पुरे. तीस सेकंदच चांगलं काम असेल तर तीस सेकंदांचंच करा, भरतीचे शॉट्स घालू नका, रीलची पातळी तुमच्या सगळ्यात वाईट शॉटवर ठरते. सगळ्यात भारी शॉट पहिला, कारण बघणारा शेवटपर्यंत थांबेल याची खात्री नाही. सुरुवातीला आणि शेवटी नाव आणि ईमेल, प्रत्येक शॉटला तुम्ही नेमकं काय केलं त्याची एक ओळ. धडाकेबाज म्युझिक नको, बहुतेक जण म्यूट करूनच बघतात. फुकट रिग वापरलं असेल तर निदान कपडे, रंग, केस बदला, तेच रिग त्याच कपड्यांत त्यांनी शेकड्याने पाहिलेलं असतं. आणि गेम स्टुडिओला डायलॉगची रील, फीचरला कॉम्बॅटची रील असं पाठवू नका, त्यांच्या कामासारखं काम दाखवा.

रील आवडली की बऱ्याच ठिकाणी टेस्ट देतात. ब्रीफ दोनदा वाचा. चार सेकंद सांगितले तर चारच, फ्रेमरेट तोच, फाइलचं नाव सांगितलं तसंच, रिगमध्ये काही बदलायचं नाही म्हटलं तर नाही. पॉलिश अर्धवट राहिलं तरी वेळेत द्या, कारण ते तुमचा हात जितका बघतात तितकाच डेडलाइनही बघतात. इंटरव्ह्यूला प्रत्येक शॉटबद्दल "इथे फीडबॅक काय आला आणि काय बदललं" हे सांगता आलं पाहिजे, ते जवळपास नक्की विचारतात.

आणि नोकरी लागली की तिथलं काम लगेच रीलमध्ये टाकायचा मोह होईल. जॉइन होताना एनडीए (गुप्ततेचा करार) सही केलेलं असतं, त्यामुळे स्क्रीनशॉटसुद्धा बाहेर टाकू नका. प्रोजेक्ट रिलीज झाल्यावर स्टुडिओकडे कुठले शॉट्स वापरता येतील ते लेखी विचारा, आणि काम सुरू असतानाच स्वतःच्या शॉट्सचे नंबर लिहून ठेवत जा, दोन वर्षांनी मागायची वेळ येते तेव्हा कोणालाच आठवत नाही.